चार वाजताचा पडदा

उड्डाणपुलाखाली द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या. म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी डोक्यावर ओढणी, असे दिवस आले. गाडीवाला घड तोलता तोलता एक मणी काढून माझ्या तळहातावर ठेवतो, "खाऊन तर बघा ताई," म्हणतो, आणि मी दर वर्षी तिथेच अडकते. साल दाताखाली फुटते. आधी आंबट, मग गोड. त्या दोन चवींच्या मधे कुठेतरी मला मशीनच्या तेलाचा आणि कोऱ्या कापडाचा वास येतो. द्राक्षाला असला वास नसतो हे मलाही माहीत आहे. पण आम्ही द्राक्षं खायचो ती त्या खोलीत. रस वहीवर सांडायचा, पानं एकमेकांना चिकटायची आणि सोडवताना निम्मं इंग्रजी व्याकरण फाटून यायचं.

आमच्या नाशकात द्राक्षं आणि परीक्षा एकदमच पिकतात. घडाघडांनी लोंबणारा बाजार आणि तोंडं सुकलेली पोरं, दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतात. त्या मोसमाचं माझ्यावर मोठं देणं आहे. ते फिटणार नाही, पण सांगता येईल.

आधी माझ्याबद्दल एवढंच की, मी वर्तमानपत्राआधी पत्रकं वाचायला शिकले. बाबा कामगारांच्या सभांची पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. हात लावला की बोटांना शाई. उरलेल्या गठ्ठ्यांचं आमच्या घरात काहीही व्हायचं. फडताळात अंथरायला पत्रक, शेंगदाणे बांधायला पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकाचं. माझ्या भूगोलाच्या वहीवर ठळक टाइपात 'आता माघार नाही' असं होतं आणि आत महाराष्ट्रातल्या नद्या. अशा घरात वाढलेल्या मुलीचा शब्दांवर फार विश्वास असतो. एखादी गोष्ट लिहिली, छापली, वाटली, म्हणजे ती झाली, असं मला वाटायचं. म्हणून आमच्या मंडळानं काय काय केलं ते कापडाच्या तुकड्यांनी दाखवायचं, ही कल्पना पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला बालवाडीतली वाटली.

आमचं मंडळ म्हणजे कॉलनीतली आणि आसपासच्या चाळींतली पाच-सात पोरं. मंडळाला नाव ठेवायचं राहूनच गेलं. नावावर भांडणं झाली आणि तेवढ्यात काम निघालं. जागा मात्र होती. कॉलनीच्या पाण्याच्या टाकीखाली जुनी पंपाची खोली. पंप दुसरीकडे गेला आणि त्याच्या तेलाचा वास तेवढा मागे राहिला. सोसायटीच्या परवानगीनं आम्ही तिथे टेबलं टाकली, अभ्यासिका केली. घरात जागा नाही त्यानं इथे येऊन वाचावं. खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. फेब्रुवारी लागला की चार वाजता ऊन असं थेट टेबलांवर यायचं, की पुस्तकातली अक्षरं पांढरी व्हायची.

"पडदा पाहिजे," तहसीन म्हणाली आणि पुढच्या रविवारी घेऊनच आली. तहसीन माझी मैत्रीण. घरचे मूळ मालेगावचे, तिचे अब्बा तिथलं कापड इथे आणून विकतात. तिनं आणलं ते मांजरपाट. न धुतलेलं, मळकट पांढरं, बोटांना खरखरीत, खळीचा उग्र वास येणारं. लावलं तर सगळी खोली ताकाच्या रंगाची झाली.

त्याच आठवड्यात आम्ही भाजीबाजारामागची गटार उपसली. संध्याकाळपर्यंत उपसली. मी मनात अहवालाची वाक्यं जुळवत होते. कोणीतरी मोबाईल काढून म्हणालं, फोटो काढू या, फावडी नीट धरा. तेवढ्यात एका भाजीवाल्या मावशींनी हात पुसायला जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. हिरवी, काठाची. सगळ्यांचे हात पुसून झाल्यावर तहसीननं ती खिशात टाकली, घरी नेऊन दोनदा धुतली आणि पडद्यावर शिवली. वहीएवढा हिरवा चौकोन.

"हे काय?" मी विचारलं.

"गटार."

"लिहायचं तरी खाली, कुठली, कधी..."

"ज्यांची आहे त्यांना कळतं मुक्ता. तुला कळलं ना?"

मला कळलं होतं. तोच तर त्रास होता.

तिथून पद्धत पडली. मंडळानं एखादं काम करायचं ठरवलं की पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यानं धावदोऱ्याचा चौकोन घालायचा, वहीएवढा. काम झालं की त्या चौकोनात तुकडा शिवायचा. आणि तुकडा आपल्या घरचा चालणार नाही. जिथे काम केलं तिथलाच पाहिजे, तिथल्या माणसानं दिलेला. या शेवटच्या अटीमुळे आम्हाला किती दारं वाजवायला लागली! ज्येष्ठ मंडळींना मोबाईल शिकवला त्याबद्दल जोशीकाकूंकडे तुकडा मागितला, तर त्यांनी निळ्या फुलांच्या गाऊनची बाही कापून दिली आणि मग पडदा बघायला आल्यावर कपाळाला हात लावला. "अरे माझा गाऊन खिडकीत टांगलात? आता सगळी कॉलनी ओळखणार!" पण त्यानंतर त्या दर दोन दिवसांनी यायच्या, आपला तुकडा उसवला नाही ना बघायला.

एक नियम मात्र पडद्यानंच आम्हाला शिकवला. बागेची भिंत रंगवायचं ठरवून आम्ही चौकोन घातला, मग कंटाळलो, आणि गुपचूप दोरा उसवून टाकला. चार वाजता ऊन आलं तेव्हा उसवलेल्या जागी सुईच्या भोकांतून प्रकाशाची टिंबं टिंबं उभी राहिली. चौकोन होता तसाच. फक्त आता तो दोऱ्याचा नव्हता, उन्हाचा होता. तहसीन बराच वेळ बघत राहिली. "उसवलं तरी दिसतंय. मग कशाला उसवायचं?" तेव्हापासून घातलेला दोरा कोणी काढला नाही. न झालेली कामंही सगळ्यांसमोर लटकत राहिली. शाळेसमोरचा गतिरोधक. बाजारामागचा रस्त्यावरचा दिवा. आणि गंमत अशी की जिथे तुकडे होते तिथे कापड दुहेरी, म्हणून तिथे सावली. आणि रिकाम्या चौकोनांतून ऊन थेट आत. चार वाजता आमच्या डोळ्यांत नेमकी न केलेली कामं यायची.

हल्ली पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक बघते. एक झाडू, बारा हात, आणि वर साहेबांचा चेहरा. मला राग येतो, आणि तो यायलाच हवा. पण राग आला की मला तो पडदाही आठवतो, ज्याच्यावर कोणाचाच चेहरा नव्हता, आणि राग कामाला लागतो.

वैभव त्या खोलीत आला तो अभ्यासाला. चांदवडकडच्या गावचा. थोरला भाऊ इथे कंपनीत रात्रपाळीला, भावजय आणि लहान बाळ, असं सगळं एका खोलीत. "माझ्या भावाची रात्र दिवसा असती," तो म्हणायचा. "पान उलटलं तरी उठतो. बरं, मी जोरात पान उलटतो असं पण नाय." बारावीला एकदा नापास झालेला, इंग्रजी आणि गणित. लाजायचा. पण कामाला पहिला. त्याच्याच गावच्या शाळेत आम्ही पुस्तकांची पेटी नेऊन दिली, तेव्हा त्याच्या आईनं कांद्याच्या गोणीचा तुकडा दिला, लाल जाळीचा. तो पडद्यावर लागल्यापासून दुपारी कोणाच्या ना कोणाच्या वहीवर लाल चौकड्या पडायच्या, आणि जागेवरून भांडणं व्हायची.

तो असाच एकदा गावी गेला होता. आम्ही बाकीच्यांनी ठरवलं, मंडळाचं पुढचं काम वैभव. गणित तहसीन घेणार, इंग्रजी मी. तहसीननं चौकोन घातला, दिव्याच्या चौकोनाशेजारी, टेबलाच्या उंचीवर. त्याला सांगायचं नाही असंही ठरलं. परीक्षेच्या आधी पोराला उगाच टेन्शन.

आणि मग द्राक्षांच्या ऐन मोसमात, परीक्षा तोंडावर आली असताना, आप्पा खोलीत येऊन टेबलाशी उभे राहिले. आप्पा सोसायटीचे अध्यक्ष, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. सवयीनं कोणताही कागद आधी उजेडात धरून बघायचे, लाइटबिलसुद्धा. म्हणाले, "पोरांनो, एका क्लासवाल्यांनी ही जागा भाड्यानं मागितली आहे. कमिटीतल्या निम्म्या लोकांना ते पटतंय. रविवारी सभा आहे. तुम्ही काय केलंत ते येऊन दाखवा."

"लेखी देऊ?" मी उत्साहानं विचारलं.

"लेखी सगळेच देतात. तो तुमचा पडदा आणा."

ते गेल्यावर वैभव पुस्तक मिटून बसला. बाकीच्यांची खोली जाणार होती, त्याची बारावी जाणार होती. दुसरी जागा नव्हती त्याला. पुलाखाली बसून कोणी गणितं करत नाही.

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. 'ही खोली कोणाची?' असा सवाल, मग हल्ला, मग आवाहन. बाबांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, "उद्गारचिन्हं भरपूर आहेत. माणूस एकही नाही." आयुष्यभर पत्रकं लिहिलेल्या माणसानं हे म्हणावं! मी फणकारून उठले. आज ते वाक्य मी जवळ ठेवलं आहे. लिहायला बसले की आधी तेच आठवतं.

शुक्रवारी वैभव म्हणाला, "पडद्यावर रिकामं लय दिसतंय. चार तुकडे लावून टाकू. कोणाला कळतंय?"

मी भाषण दिलं. तत्त्व, खरेपणा, आपण आणि ते यांच्यातला फरक. चांगलं झालं भाषण. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला घरी टेबल हाय मुक्ता."

मला अजूनही वाटतं की माझं म्हणणं बरोबर होतं. पण बरोबर म्हणण्याच्या खालीही एक टेबल असतं, आणि ते कोणाच्या घरात आहे हे बघावं लागतं, हे त्या पोरानं मला एका वाक्यात दाखवलं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. इथे मानते.

रविवारी सकाळी सभेला न्यायला तहसीननं पडदा उतरवायला हात वर केला आणि हात तसाच राहिला.

"ये किसने लगाया?"

टेबलाच्या उंचीवरच्या एका चौकोनात निळा तुकडा होता. कंपनीच्या गणवेशाचं जाड कापड. टाके लांब-लांब, घाईचे.

"मी," वैभव म्हणाला. "काल दुपारी तुम्ही नव्हता तव्हा. रस्त्याच्या दिव्याचा हाय ना तो? लागंल की दिवा कधीतरी. म्हणलं एक तरी भरलेला दिसू दे."

"दिव्याचा तो नाही. त्याच्या शेजारचा आहे दिव्याचा."

"मग ह्यो कशाचा?"

तहसीननं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"अगं बोला की. कशाचा हाय?"

"तुझा," तहसीन म्हणाली.

"माझा म्हंजे?"

"तू बारावी पास होण्याचा! मंडळानं ठरवलेलं काम आहे ते. और तूने सी भी दिया, बिना पेपर दिये!"

मला हसू फुटलं आणि लगेच विझलं, कारण वैभव हसत नव्हता. तो त्या निळ्या तुकड्याजवळ गेला आणि कडेच्या धावदोऱ्यावरून बोट फिरवत राहिला. बारीक, सारखे टाके. तहसीनच्या हाताचे. आपण गावी असताना कोणीतरी आपल्या नावानं ते घातलेत, हे त्याला बहुतेक बोटानं वाचायचं होतं.

"मला का नाय सांगितलं?"

"टेन्शन येईल म्हणून."

"आता येणार नाय व्हय?" मग तुकड्याचं टोक धरून, "ब्लेड हाय का कोणाकडं?"

तुकडा त्यानं स्वतः उसवला. आम्ही कोणी मदत केली नाही, त्यानं करू दिली नसती. धावदोरा तसाच राहिला. आत त्याच्या जाड सुईची भोकं राहिली. चौकोनात आणखी एक चौकोन.

सभा टाकीसमोरच्या पटांगणात होती, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी आणि तहसीन दोन टोकांना पडदा धरून उभ्या राहिलो, वाळत घातलेल्या साडीसारखा. जोशीकाकूंनी शेजारणीला आपला गाऊन दाखवला. एक काका मात्र आधीच ठरवून आलेले. "आणि हे रिकामे एवढे? म्हणजे निम्मी कामं झालीच नाहीत म्हणा की!"

माझ्या तोंडात सगळं पत्रक तयार होतं. पण आप्पा उठून पडद्याजवळ आले होते. चष्मा कपाळावर चढवला, आम्हाला हातानं वळवून सूर्य पडद्यामागे घेतला आणि एका चौकोनाशी थांबले.

"इथे काहीतरी लावून काढलंय."

वैभव मागच्या रांगेतून उठला.

"मी लावलं होतं आप्पा. काल. ते खोटं होतं. आज काढलं." त्यानं पुढे येऊन चौकोनावर बोट ठेवलं. "ह्यो चौकोन माझाच हाय. मला बारावी पास करायचं ह्यांनी ठरवलंय. अजून झालो नाय."

कोणीतरी हसलं, पण चांगलं हसलं. जोशीकाकू खुर्चीतूनच ओरडल्या, "अरे मग इथे काय उभा राहिलास? जा, अभ्यास कर!"

आप्पांनी चष्मा खाली घेतला. "निकाल लागेपर्यंत खोली यांच्याकडे राहू दे. क्लासवाल्यांना मी सांगतो."

"आणि हा नापास झाला तर?" काका.

"तर चौकोन रिकामा राहील. खोलीचं तेव्हा बघू."

परत येताना वैभव पडद्याची घडी छातीशी धरून चालत होता. "आयला," तो पुटपुटला, "म्हंजे आता माझ्या इंग्लिशवर अख्खी खोली!"

त्यानंतरचे दिवस मला दिवस म्हणून आठवत नाहीत. तहसीन गणित चुकलं की त्याच्या वहीवर द्राक्षाचा देठ फेकायची, ते आठवतं. तो रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांची स्पेलिंगं मोठ्यानं म्हणायचा. चार वाजता त्याच्या रिकाम्या चौकोनातलं ऊन त्याच्याच पुस्तकावर पडायचं आणि तो जागा न बदलता, डोळे बारीक करून वाचत राहायचा. मी म्हटलं, सरक की. म्हणाला, "राहू दे. ध्यानात राहतं."

निकाल लागला तेव्हा द्राक्षं संपली होती. तो गावाहून बेदाणे घेऊन आला, वर्तमानपत्राच्या पुड्यात. इंग्रजीत काठावर, गणितात बरा. पास. तहसीन त्याला पाठीत गुद्दे घालत होती आणि रडत होती, आणि रडत नाही असं सांगत होती.

मग अडचण आली. तुकडा कुठला लावायचा? भावाच्या गणवेशाचा नाही, तो घरचा. गावचाही नाही. काम झालं होतं ते या खोलीत. आणि या खोलीत कापड म्हणावं असं एकच होतं.

तहसीननं कात्री घेतली आणि पडद्याच्याच खालच्या काठातून वहीएवढं मांजरपाट कापलं. ते चौकोनात वैभवनं शिवलं, या वेळी बारीक टाक्यांनी, त्या जुन्या भोकांच्या आत. शिवून झालं आणि आम्ही मागे सरून बघितलं, तर काहीच दिसेना. पांढऱ्यावर पांढरं. एवढ्या मेहनतीचं काम, आणि पडदा जणू कोराच. मी म्हटलं, निदान याच्यावर तरी काही लिहू या. तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी सवयीप्रमाणे पडदा उजेडात धरला, बराच वेळ धरला.

"हा वॉटरमार्क झाला," ते म्हणाले.

खोली राहिली. कायमची नाही, दर वर्षी सभेत पडदा न्यावा लागतो, भरलेले आणि रिकामे चौकोन दाखवावे लागतात, आणि मला वाटतं तेच योग्य आहे. तहसीन आता मालेगावला शाळेत शिकवते, पडदा विरला की काठांना जोडायला नवं कापड पाठवते. वैभव डी.फार्म. करून चांदवडला मेडिकलच्या दुकानात आहे. फोनवर औषधांची लांबलचक नावं न अडखळता म्हणून दाखवतो, मुद्दाम. बाजारामागचा दिवा लागला एकदाचा. त्याचा तुकडा एका गाडीवरच्या ताडपत्रीचा आहे. शाळेसमोर गतिरोधक अजून नाही. मी अजून अर्ज करते, अजून भांडते. पत्रकंही लिहिते. फक्त लिहून झालं की शोधते, यात माणूस कुठे आहे.

आज द्राक्षं घेऊन मी खोलीवर गेले तेव्हा चार वाजत आले होते. पोरं वाचत होती. पडद्यावर ऊन चढत होतं आणि एकेक तुकडा आपल्या रंगानं उजळत होता, हिरवा काठ, निळी फुलं, लाल जाळी. खिडकीजवळच्या टेबलाशी, वैभव बसायचा तिथे, एक मुलगी बसलेली. या वर्षी बारावीची असावी, मी तिला ओळखत नाही. ती पुस्तक उचलून थोडं डावीकडे सरकवत होती, मग पुन्हा थोडं.

"इथेच का बसतेस गं?" मी विचारलं. "तिकडे जागा आहे की."

"इथे ऊन लागत नाही ताई," ती मान वर न करता म्हणाली.

मी बघितलं. बरोबर वहीएवढी सावली होती तिथे. आणि तिच्या कडेनं, पानाच्या समासात, उन्हाची बारीक टिंबं.